गाडीचं अभ्यंगस्नान, घरच्या घरी

पैसे वाचवायला निघालेला मध्यमवर्गीय माणूस सर्वात आधी दुकानात जातो. पण दुकानाच्याही आधी डिटेलिंगवाल्याबद्दल, म्हणजे गाडी घासून-चमकवून देणाऱ्याबद्दल, सांगायला हवं, कारण आग त्याने लावली.

दसरा तोंडावर आला होता. आमची गडद निळी हॅचबॅक पूजेपुरती बरी दिसावी, एवढीच अपेक्षा. त्या गृहस्थाने गाडीला प्रदक्षिणा घातली, बॉनेटवर मोबाइलचा टॉर्च मारला आणि आयसीयूबाहेर डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं माझ्याकडे बघितलं. "सर, स्वर्ल मार्क्स खूप आहेत." मी वाकलो. उजेडाभोवती बारीक गोल रेघांचं जाळं चमकत होतं. "पॉलिश मारून सिरॅमिक कोटिंग करू. बावीस हजार. दसरा ऑफर आहे." अकरा वर्षं वापरलेल्या गाडीचे एकूण किती येतील, हा हिशोब मी मनातच केला आणि किल्ली खिशात टाकली.

पण रेघा काही डोळ्यांसमोरून जाईनात. तोवर जगात दोनच प्रकारच्या गाड्या होत्या, धुतलेल्या आणि न धुतलेल्या. आता सिग्नलला शेजारी काळी एसयूव्ही थांबली की तिच्या दारावर ऊन कुठून पडतंय ते मी मान वाकडी करून बघतो. मालकाला वाटतं, हा जळतोय. खरं तर मला त्याची दया आलेली असते. (पांढऱ्या रंगावर यातलं फारसं काही दिसत नाही. पांढरी गाडी घेणारे फार पोचलेले लोक.)

चौकशी केल्यावर उलगडा झाला. रंगाच्या वर एक पारदर्शक थर असतो, क्लिअर कोट. त्याची जाडी साधारण ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्यावरच्या केसापेक्षाही कमी; ज्यांना केस आहेत त्यांनी ताडून बघावं. एवढ्याशा थरावर दिवसभर पुण्याची धूळ बसते. मग पहाटे आमच्या सोसायटीतला गाडी पुसणारा दादा येतो आणि एक बादली, एक फडकं एवढ्या भांडवलावर अख्खी रांग पुसून टाकतो. शेवटच्या गाडीला आधीच्या सगळ्या गाड्यांच्या धुळीचा प्रसाद मिळतो. आमचं पार्किंग रांगेत शेवटचं.

तेव्हा ठरलं, स्वतः करायचं. गाडीचा शॅम्पू, लोकरी हातमोजा, मायक्रोफायबरची फडकी (चारशे जीएसएमची, म्हणजे चौरस मीटरला चारशे ग्रॅम वजनाची; त्याहून पातळ घ्यायची नाहीत), क्ले बार नावाचा, रंगात रुतलेली घाण ओढून काढणारा चिकणमातीसारखा गोळा आणि वॅक्सची डबी. बिल झालं दीड हजार. साध्या वॉशिंग सेंटरला पाचशेत गाडी धुऊन मिळते. "तीन वेळा घरी धुतली की पैसे वसूल," मी घरी सांगितलं.

"तीन वेळा? तू?" बायको म्हणाली.

आता बादल्या. जाणकार मंडळी दोन बादल्यांवर अडून बसतात. एकीत शॅम्पूचं पाणी, दुसरीत साधं. मोजा गाडीवर फिरवला की आधी साध्या पाण्यात खंगाळायचा, माती तिथेच सोडायची आणि मगच पुन्हा शॅम्पूत बुडवायचा. शास्त्र बिनतोड आहे. आमच्याकडे बादल्या तीन: अंघोळीची, कपडे भिजवायची आणि पाणी गेलं तर असावी म्हणून कायम भरलेली. "तिसरीला हात लावून बघ फक्त," एवढीच परवानगी मिळाली.

पाईप लावला असता तर हा सगळा वनवास टळला असता. पण आमच्याकडे टँकर येतात, आणि नोटीस बोर्डावर स्पष्ट लिहिलंय: पाईपने गाडी धुताना आढळल्यास ५०० रुपये दंड. वॉशिंग सेंटरचा आणि आमच्या कमिटीचा दर एकच आहे, हे कुणी मुद्दाम जुळवून आणलं असेल असं वाटत नाही. पार्किंगमधला नळ बोअरचा. त्या पाण्यात क्षार इतके की गाडीवर थेंब वाळला की पांढरा डाग राहतो, आणि तो नुसत्या पाण्याने निघत नाही. तेव्हा महापालिकेचं पाणी तिसऱ्या मजल्यावरून बादलीने खाली आणणं आलं. लिफ्टमध्ये बादलीला माणसांहून जास्त जागा लागते आणि ती शब्द पाळत नाही. दुसऱ्या खेपेला सेक्रेटरी लिफ्टमध्ये शिरले, स्वतःच्या ओल्या चपलांकडे बघत खाली उतरले, काही बोलले नाहीत. मेंटेनन्सच्या पुढच्या बिलात बोलतील.

गाडी धुण्याला आधी सावली लागते. तापलेल्या पत्र्यावर शॅम्पू वाळून बसतो, म्हणून मी सकाळी सातला सुरुवात केली. ही पुण्यातली फिरायला जाण्याची वेळ. येणारा प्रत्येक जण थांबायचा आणि प्रत्येकाचा प्रश्न एकच: "काय, विकतोयस का?" आपल्याकडे माणूस गाडी स्वतः धुतो ती फक्त ओएलएक्सवर फोटो टाकण्यासाठी, यावर सोसायटीत एकमत आहे. दोघांनी किंमत विचारली. एकाने सांगितलेला आकडा ऐकून मोजा हातातून पडता पडता राहिला. तो पडून चालत नाही. जमिनीवर पडलेलं कापड पुन्हा गाडीला लावायचं नसतं, त्याला वाळू चिकटते.

तळमजल्यावरचे काका मात्र खुर्ची घेऊनच आले. त्यांच्याकडे एके काळी प्रीमियर पद्मिनी होती. "रॉकेलचा बोळा फिरवायचो. बास. आरसा व्हायचा आरसा!" मग माझ्या शॅम्पूची बाटली त्यांनी चष्मा वर करून वाचली. "कशाला हे? भांड्यांचा साबण टाक थोडा, चकाचक निघेल."

इथे मला गप्प बसवेना. मी त्यांना समजावलं की भांड्यांचा साबण तेलकटपणा तोडायलाच बनवलेला असतो, तो मळाबरोबर गाडीवरचं वॅक्सही धुऊन नेतो. बराच वेळ समजावलं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. "मग बरोबर," ते म्हणाले, "आमच्या पद्मिनीवर वॅक्स नव्हतंच."

धुणं झालं, क्ले बार आला. त्याआधी एक चाचणी असते. हातावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवायची आणि धुतलेल्या ओल्या बॉनेटवरून बोटं हलकेच फिरवायची. उघड्या हाताला गुळगुळीत लागणारा पत्रा पिशवीतून चक्क खरखरीत लागतो. ब्रेकचे लोखंडी कण, झाडांचा डिंक, डांबराचे शिंतोडे, सगळं रंगात रुतून बसलेलं असतं. २०१८ च्या प्लास्टिकबंदीनंतर आमच्या घरात जपून ठेवलेली एक पिशवी चढवून मी डोळे मिटून बॉनेट कुरवाळत होतो, तेव्हाच दादा दुसऱ्या विंगेकडून परतला. तो बराच वेळ बघत उभा राहिला. "साहेब, एवढ्या वेळात आपली अख्खी बी विंग होते."

बाहेरून गाडी उजळली तशी आतली कळा जास्तच दिसू लागली. सीट पुढे सरकवली आणि आमचा कौटुंबिक इतिहास वर आला. फास्टॅग २०२१ मध्ये सक्तीचा झाला. त्याआधीच्या टोलच्या पावत्या, लोणावळ्याच्या चिक्कीचे कागद, मुलगी वर्षाची असतानाचा एक मोजा (दुसरा तेव्हाच फेकून दिला होता) आणि दापोलीच्या किनाऱ्यावरची वाळू. वाळू व्हॅक्युमने निघते. जेजुरीचा भंडारा निघत नाही. खंडोबाच्या दर्शनानंतर कुणीतरी हळदीने माखलेल्या कपड्यांनिशी मागच्या सीटवर बसलेलं आहे, आणि तिथे जी पिवळी आकृती उमटली आहे ती गाडीबरोबरच जाईल. हँडब्रेक आणि सीट यांच्यामधल्या फटीबद्दल मी इथे लिहीत नाही. तिथे हात जात नाही, फक्त दाणे जातात.

टायरला पॉलिश, काचेला वर्तमानपत्र, एसीच्या जाळीला मुलीचा रंगकामाचा ब्रश, हे सगळं पटापट झालं. शेवटी वॅक्स. कार्नोबा नावाचं ताडाचं झाड ब्राझीलच्या ईशान्य भागात वाढतं, त्याच्या पानांवरचं हे मेण. अगदी पातळ फासायचं, वाळू द्यायचं, स्वच्छ फडक्याने उतरवायचं. मग त्यावर पाणी पसरत नाही, थेंब होऊन घरंगळून जातं. मी पुन्हापुन्हा चूळभर पाणी टाकून ते बघितलं. काकांनीही दोनदा टाकलं.

दसऱ्याच्या सकाळी आई हळद-कुंकवाचं ताट घेऊन खाली आली. झेंडूचा हार झाला, चाकांखाली लिंबं ठेवून झाली. मग तिने वाटीतलं ओलं कुंकू अनामिकेवर घेऊन बॉनेटवर स्वस्तिकाची पहिली रेघ ओढली. रेघ जागच्या जागी तुटली, तिचे लाल थेंब झाले आणि ते ओळीने बंपरकडे निघून गेले.

आईने कुंकू घट्ट कालवलं. तेही गेलं.

"काय फासलंयस तू हिला?"

"वॅक्स आहे आई. ब्राझीलचं."

"ब्राझीलचं चालतं हिला, आपलं कुंकू चालत नाही?"

स्वस्तिकाचं स्टिकर मिळतं, असं मी म्हणून बघितलं. त्यावर आईने जे बघितलं ते लिहिण्यासारखं नाही. तेवढ्यात खुर्चीवरून काका उठले. माझं त्या दिवशीचं व्याख्यान त्यांनी इतकं मन लावून ऐकलं असेल याची मला कल्पना नव्हती. "वहिनी, सोपं आहे. हाच सांगत होता, भांड्यांच्या साबणाने वॅक्स निघतं. वीतभर चौकोन घासून घ्या, कुंकू बसेल."

मी काही बोलायच्या आत आईने नातीला वर पिटाळलं होतं. आमची मुलगी कामाला फार तत्पर आहे. दोन मिनिटांत धापा टाकत आली. एका हातात साबणाची वडी, आणि आजीला लागेल म्हणून, कुणी न सांगता, दुसऱ्या हातात तारेची घासणी.