चावी कुणाकडे आहे?

मोठं संग्रहालय बघायला अक्कल लागत नाही. भायखळ्याला १८७२ साली उघडलेल्या भाऊ दाजी लाडसारख्या ठिकाणी तिकीट काढावं, आत जावं, पाय दुखले की बाहेर यावं. खरी कसोटी उपनगरातल्या गावठाणात लागते. व्यायामशाळेच्या माळ्यावर चार हौशी निवृत्त मंडळींनी स्थानिक इतिहासाचं दालन मांडलेलं असतं आणि खाली कुणी डंबेल टाकला की वर कपाटाच्या काचा खणखणतात.

पहिला अडथळा कुलपाचा. पाटीवर ‘रविवारी १० ते १’ असतं. कुठल्या रविवारी, ते नसतं. फोन नंबर सात आकडी असेल तर आधी २ लावून बघा, पाटी तेवढी जुनी आहे. ‘काका बाजारात गेलेत’ याचा अर्थ चावीही बाजारात गेली आहे. म्हणून शनिवारीच फोन करावा. बरोबर जवळचा चष्मा, दानपेटीसाठी सुटे आणि टॉर्च हवा. तीनपैकी एकच ट्यूब पेटते, तीही स्टार्टर फिरवल्यावर.

‘शिवकालीन नाणी’ या चिठ्ठीखाली हमखास १८३५चा कंपनी सरकारचा पाव आणा निघतो. शेजारी भोकाचा पैसा. दुसऱ्या महायुद्धात धातूची टंचाई झाली, तेव्हा १९४३पासून तो मधोमध भोक ठेवून पाडला. लोकांनी तो बिनदिक्कत वायसर म्हणून वापरला. त्यावर नटाचा गोल वळ दिसला तर नाक मुरडू नका.

फोटोंच्या भिंतीपाशी मात्र हात खिशात ठेवावेत. पावसाळ्यात फोटोवरचा जिलेटिनचा थर ओल धरतो आणि काचेला चिकटतो. मग कुणीतरी ‘जरा पुसून घेऊ’ म्हणून काच ओढतं आणि १९३०च्या भजनी मंडळातले तिघे काचेबरोबर निघून येतात. फोटो आणि काच यांच्यामध्ये जाड पुठ्ठ्याची चौकट असली की हे टळतं. त्याहून घातक लॅमिनेशन. जुना सातबारा एकदा प्लास्टिकमध्ये भाजला की तो सुटत नाही. काका मात्र तो अभिमानाने वाकवून दाखवतात.

पण सगळ्यात रंगतदार असतो तांब्याचा हंडा. ‘सन १८६१, अतिप्राचीन’. टॉर्च समोरून मारला तर नुसती चकाकी दिसते. तो काठाला टेकवून आडवा मारावा. चिंचेने घासून घासून बुजलेले ठिपके सावलीमुळे उठून दिसतात, आणि वाचता येतं : ‘चि. सौ. कां. … हिस मामाकडून, शके १८६१’. आता शकात ७८ मिळवा, १९३९ आलं. लग्न माघ-फाल्गुनातलं असेल तर ७९ मिळवायचे, कारण जानेवारी पौषाच्या आसपास येतो आणि शक चैत्रात बदलतो. म्हणजे हंडा अठ्ठ्याहत्तर वर्षांनी लहान झाला, आणि आहेर देणारा मामा गावातल्या कुणाचा तरी सख्खा आजोबा निघण्याची शक्यता तेवढीच वाढली.

हे शाळेच्या सहलीसमोर बोलू नये. काकांना शक कळत नाही असं नव्हे. पण १८६१ ऐकून पोरं ‘बापरे’ म्हणतात, १९३९ ऐकून डबा उघडतात. निरोपाच्या चहाबरोबर हळूच सांगावं. अभिप्रायाच्या वहीत तर मुळीच लिहू नये. तिथे ‘स्तुत्य उपक्रम’ लिहून सही ठोकावी आणि जिना गाठावा. वहीत ज्याने दुरुस्ती लिहिली, त्याला मंडळ जाणकार समजतं, आणि जाणकार माणसाला मंडळ मोकळं सोडत नाही.

दुसऱ्या आणि चौथ्या रविवारची चावी हल्ली माझ्याकडे असते. आदल्या दिवशी फोन करा.