क्रॉसबोची शिकार: धनुर्विद्या शिकवणाऱ्या एका ताईंना उत्तर

ताई, नमस्कार.

अमेरिकेतल्या क्रॉसबोच्या (दांड्यावर आडवं बसवलेलं, खटका दाबून बाण सोडायचं धनुष्य) शिकारीवर आणि तिच्यासाठी वर्षानुवर्षं भांडलेल्या शिकाऱ्यांवर मी लिहिलेला लेख तुम्हाला मुळीच आवडला नाही. तुम्ही साताऱ्यात मुलांना धनुर्विद्या शिकवता, त्यामुळे तुमच्या रागाला जाणकारीची धार आहे. तुमचं म्हणणं असं: क्रॉसबो हे मेहनत टाळणाऱ्याचं हत्यार आहे. धनुष्य ओढवत नसेल तर माणसाने घरी बसावं. बाण लागलेलं जनावर तासन्‌तास तडफडतं. हरणं फार झाली असतील तर लांडगे आणा. आणि शिकारीवर बंदी असलेल्या देशातून गेलेल्या माणसाने असली वकिली करू नये.

लांडग्यांचं आधी सांगतो. मी राहतो त्या अमेरिकेतल्या ओहायो राज्यात 1904च्या सुमाराला हरीणसुद्धा उरलं नव्हतं, लांडगे तर त्याच्या कितीतरी आधी संपले. हरणं परत आली ती कायद्याने मिळालेल्या संरक्षणामुळे आणि पडीक शेतांवर पुन्हा रान माजल्यामुळे. मका, सोयाबीन, हायवे आणि घरांच्या वसाहती यांच्या फटीफटीत पांढऱ्या शेपटीचं हरीण मजेत जगतं, लांडग्यांचा कळप जगू शकत नाही. विस्कॉन्सिन राज्याच्या उत्तरेत लांडगे आहेत, तरी दक्षिणेकडच्या शेतीच्या पट्ट्यात हरणांची गर्दी आहेच.

आता आळशीपणाचा आरोप. तुमची मुलं जे कंपाउंड धनुष्य वापरतात, त्याच प्रकारात अदिती स्वामी आणि ओजस देवतळे 2023मध्ये बर्लिनला जगज्जेते झाले. या धनुष्याला 1969मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालं, तेव्हा लाकडी धनुष्यवाल्यांनी त्यावर हाच आरोप केला होता. कारण उघड आहे. साठ पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढलं की कडेच्या चाकांमुळे हातावर बारा-पंधरा पौंडच भार राहतो, आणि दोरी सुटते ती बोटांनी नव्हे, हातात धरलेल्या ‘रिलीज’ नावाच्या छोट्या यंत्राच्या चापाने. तरीही ती धनुर्विद्याच आहे, आणि तिच्यामागे किती घाम आहे हे तुम्ही मला शिकवाल. (क्रॉसबोवरचा राग तर फार जुना आहे. रोममध्ये 1139मध्ये भरलेल्या लॅटरन धर्मसभेने ख्रिस्ती माणसांवर क्रॉसबो आणि धनुष्य चालवायला बंदी केली होती.)

क्रॉसबोत ती दोरी आधीच ओढून खटक्यात अडकवलेली असते. खरा फायदा एवढाच, पण तो मोठा आहे. हरीण वीस यार्डांवर (सुमारे अठरा मीटर) आलेलं असताना हात मागे खेचण्याची हालचाल करावी लागत नाही, ओढलेलं धनुष्य मिनिटभर पेलून धरावं लागत नाही. बदल्यात काय द्यावं लागतं? दोरीचा प्रवास आखूड, म्हणून दीडशे-दोनशे पौंडांचा जोर लागतो. आवाज मोठा होतो. हरणासमोर बसून दुसरा बाण भरता येत नाही. आणि सुटलेला बाण शेवटी बाणच असतो, हवेच्या अडथळ्याने आणि वजनाने तो तुमच्या बाणासारखाच खाली येतो. त्याला बंदुकीचा भाऊ म्हणणं मला पटत नाही.

‘घरी बसावं’ या वाक्यापाशी मात्र मी अडलो. ते तुम्ही रागात लिहिलं असावं अशी आशा आहे, कारण क्रॉसबोवाल्यांची सगळी चळवळ या एका वाक्याविरुद्ध उभी राहिली. विस्कॉन्सिनमध्ये 2014मध्ये क्रॉसबोच्या शिकारीचा स्वतंत्र हंगाम सुरू झाला. त्याआधी तिथे तो वापरायची मुभा होती ती म्हाताऱ्यांना आणि अपंगत्वाचा परवाना मिळालेल्यांना. म्हणजे खांदा निकामी झालेल्या माणसाने डॉक्टरकडून तसं लिहून आणायचं, कार्यालयात फॉर्म द्यायचा, आणि मग त्याला ऑक्टोबरच्या रानात जागा. गुडघा किंवा खांदा अर्धाच गेला असेल तर तो ना धड अपंग, ना धड सक्षम. माझ्या ओळखीचे एक निवृत्त वेल्डर आहेत. चाळीस वर्षं डोक्यावर हात धरून काम केल्याने त्यांचे दोन्ही खांदे गेले. लहानपणापासून ते रानात बसत आले आहेत, पानगळीत कुठल्या ओकखाली हरणं येतील हे त्यांना अंगवळणी आहे. हे ज्ञान असलेल्या माणसाला केवळ हात वर जात नाही म्हणून बाहेर काढणं मला अन्याय वाटतं, आणि त्या अन्यायाविरुद्ध बोलणाऱ्यांची बाजू मी पुन्हा घेईन.

क्रॉसबोवाल्यांना सर्वांत कडवा विरोध प्राणिप्रेमींनी केला नाही, उभं, म्हणजे हाताने ओढून धरायचं, धनुष्य वापरणाऱ्या शिकाऱ्यांनी केला. 1961मध्ये स्थापन झालेला पोप अँड यंग क्लब धनुष्याने मारलेल्या मोठ्या शिंगांच्या जनावरांच्या नोंदी ठेवतो. क्रॉसबोने मारलेलं जनावर तिथे धरलं जात नाही. त्यांच्या भीतीत तथ्य होतं. धनुष्याचा हंगाम लांब आणि शांत असतो, कारण त्यात यश कमी मिळतं. सोपं हत्यार आलं की गर्दी होणार, मोठे नर आधीच मारले जाणार. ओहायोत क्रॉसबोला 1970च्या दशकातच वाट मिळाली, पेनसिल्व्हेनियाने 2009मध्ये त्याला धनुष्याच्या हंगामात घेतलं. ओहायोत आज क्रॉसबोने मारल्या जाणाऱ्या हरणांची संख्या उभ्या धनुष्यापेक्षा बरीच जास्त आहे. म्हणजे वाटेकरी वाढले, हे खरंच झालं. पण हरणं काही संपली नाहीत. शिकारीच मात्र कमी होत गेले: अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या पाहणीत 2011मध्ये देशात 1 कोटी 37 लाख शिकारी होते, 2016मध्ये 1 कोटी 15 लाख. इथे वन्यजीव खात्यांचा मोठा खर्च परवान्यांच्या पैशातून आणि बंदुका, दारूगोळा, धनुष्यं यांच्यावरच्या अबकारी करातून निघतो. तो कर 1937च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यानुसार घेतला जातो. म्हातारा शिकारी दहा वर्षं जास्त रानात टिकला तर त्या खात्यांना फरक पडतो.

तुमचा तडफडण्याचा मुद्दा सगळ्यांत वजनदार आहे आणि माझ्या लेखात त्याला चार ओळीच मिळाल्या, म्हणून इथे सविस्तर लिहितो. बाण मारतो तो रक्तस्रावाने. रुंद पात्यांचा बाण दोन्ही फुप्फुसांतून गेला तर हरीण काही सेकंदांत कोसळतं. तोच बाण हातभर मागे, पोटात लागला तर मरण तासांनी येतं. म्हणूनच जाणते शिकारी बाण लागल्यावर लगेच मागे धावत नाहीत. थांबतात, मग रक्ताचा माग काढतात. मेरीलँडमधल्या इंडियन हेड नौदल तळावर कंपाउंड आणि क्रॉसबो वापरणाऱ्या शिकाऱ्यांच्या बऱ्याच वर्षांच्या नोंदी ठेवल्या गेल्या. तिथे बाण लागून हाती न आलेल्या हरणांचं प्रमाण 18 टक्के निघालं. त्यातली काही जगली असतील. तरीही हा आकडा मला जड वाटतो. आणि हे शिकारी तळावर परवानगी मिळालेले, सरावाचे होते.

म्हणून क्रॉसबोच्या काही समर्थकांचा, आणि त्यांच्या मागे उभ्या असलेल्या कंपन्यांच्या जाहिरातींचा, मला मनापासून राग येतो. शंभर यार्डांवर लक्ष्यात एकाला एक चिकटलेले बाण दाखवून ते हत्यार विकतात. त्यामागचं गणित तुम्हाला सांगायला नको, पण इतर वाचकांसाठी लिहितो. आवाज सेकंदाला सुमारे 1100 फूट जातो, चांगल्या क्रॉसबोचा बाण 350 फूट. वीस यार्डांवर दोरीचा आवाज हरणापर्यंत पोचल्यावर बाण जेमतेम सेकंदाच्या आठव्या भागात येऊन धडकतो. शंभर यार्डांवर हरणाला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ मिळतो, आणि घाबरलेलं हरीण पळण्याआधी पाय दुमडून खाली बसतं. फुप्फुसांवर धरलेला नेम मग पाठीच्या कण्यावर किंवा त्याच्याही वर जातो. लक्ष्याचा पुठ्ठा खाली बसत नाही. तीस-चाळीस यार्डांपलीकडे सोडलेला बाण, नेमबाज कितीही चांगला असो, हरणाच्या हालचालीवर सोडलेला जुगार असतो.

भारताबद्दल माझं मत स्वच्छ आहे. 1972च्या कायद्याने शस्त्रांच्या व्याख्येत धनुष्यबाणही घेतला ते योग्यच झालं, आणि विदर्भातल्या रोही (नीलगाय) आणि रानडुकरांच्या त्रासावर क्रॉसबो हा उपाय मी कधीच सुचवणार नाही. तिथल्या शेतकऱ्याला कुंपण हवं आणि वेळेवर भरपाई हवी. ओहायोतली हरणं, इथली जमीन, इथला कायदा या चौकटीतच माझं म्हणणं आहे.

एका गोष्टीत मला तुमची मदत हवी आहे. डेन्मार्कमध्ये धनुष्याने शिकार करायची तर आधी नेमबाजीची परीक्षा द्यावी लागते. ओहायोत पहिला परवाना काढताना सुरक्षेचा वर्ग करावा लागतो, पण बाण नेमका मारून दाखवा असं कोणी म्हणत नाही. क्रॉसबोवाल्यांनी हक्क मिळवला, तसा आता ही परीक्षाही स्वतःहून मागावी, असं पत्र मी इथल्या वन्यजीव खात्याला आणि शिकारी संघटनांना लिहितो आहे. तुम्ही मुलांना पन्नास मीटरवर उभं करण्याआधी किती अंतरावर, किती बाणांत, केवढ्या वर्तुळात नेम मागता? हरणाच्या फुप्फुसांची जागा साधारण नऊ-दहा इंचांची असते. तुमच्या अनुभवावरून या परीक्षेचे निकष कसे असावेत ते लिहून पाठवाल का? पत्र या महिनाअखेर जाईल.