हमीदार कोण?

‘बडोद्याच्या सावकारांना इंग्रजांनी बुडवलं’ असं परवा एकाने मला ठणकावून सांगितलं. अर्धंच खरं आहे ते.

मामाच्या ट्रंकेत एक जुनी हुंडी आहे, हजार रुपयांची. आकडा आहे, अक्षरी रक्कम आहे, शिवाय ‘निमे पाचशे, त्याची दुप्पट’ असंही लिहिलंय. कुणी एक शून्य वाढवू नये म्हणून एवढा बंदोबस्त! आणि हीच सावकारांची जमात बडोद्याच्या गायकवाड राजांना लाखांनी कर्ज द्यायची. राजाच्या नुसत्या शब्दावर? छे. त्याला बहांदारी लागायची. बाह धरणं, म्हणजे तिसऱ्या बलवानाची हमी. हरिभक्ती, सामळ बेचर, मैराळ अशा पेढ्या सरकारला आगाऊ पैसा पुरवायच्या आणि महसुलातून व्याजासकट वळता करून घ्यायच्या; हमी असायची अरब शिबंदीच्या, म्हणजे भाडोत्री फौजेच्या, जमादारांची.

१८०२ मध्ये गायकवाडांचा दिवाण रावजी आपाजी याने ईस्ट इंडिया कंपनीची मदत घेतली. कंपनीच्या मेजर वॉकरने अरबांना हाकललं. त्यांचा थकलेला पगार चुकवायला पुन्हा सावकारांकडूनच कर्ज उभं राहिलं, हमीदार कंपनी. अरबांच्या जुन्या बहांदाऱ्याही तिच्या गळ्यात पडल्या (की तिने हौसेने घालून घेतल्या?). सावकार खूश! याहून भक्कम हमीदार कुठे मिळणार? त्यांना कुणी फसवलं नव्हतं, हा सौदा त्यांनी हिशेब करून केला होता.

गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन कंपनीने जिवाची अशीच हमी दिली म्हणून पेशव्यांकडे पुण्याला आले आणि १८१५ मध्ये पंढरपुरात मारले गेले. शाळेत आपण खुनाचा आळ आलेले पेशव्यांचे त्रिंबकजी डेंगळे पाठ केले, हमीचं कुणी बोललंच नाही.

पुढे दुसऱ्या सयाजीरावांकडे हमीची कर्जं थकली, तेव्हा १८२८ मध्ये मुंबईचा गव्हर्नर माल्कम याने पेटलादसारखे महाल (महसुली परगणे) जप्त केले. तगादा सावकाराचा, जप्ती कंपनीची. महाराज पेढ्यांवर डूख धरणार नाहीत तर काय करतील! १८३२ मध्ये नवा गव्हर्नर लॉर्ड क्लेअर आला, महाराज आणि सावकार यांची परस्पर तडजोड झाली, महाल परत मिळाले. कंपनीलाही हमीचं लोढणं नकोच झालं होतं. सावकारांना मात्र त्याच राजाच्या गावात दिवस काढायचे होते.

नंतर हरिभक्ती पेढीच्या विधवा सेठाणी जोईताबाई आणि कारभारी बाबा नाफडे यांचा झगडा बडोद्यातला कंपनीचा प्रतिनिधी, रेसिडेंट औट्रम, याच्यापर्यंत गेला. १८५१ मध्ये औट्रमने मुंबई सरकारातल्या लाचखोरीवर अहवाल धाडला, तर बडोद्यातून हलवलं त्यालाच. त्या लाचखोरीला साहेबाला इंग्रजी शब्द सुचला नाही. लंडनच्या पार्लमेंटच्या कागदांत आपला ‘खटपट’ तसाच छापलाय.