जाकीट जपा, गुत्तेदारसाहेब!

रस्त्याचं काम मिळालं? अभिनंदन! गेवराई म्हणा, लोहा म्हणा, मराठवाड्यात खोदायला रस्त्यांची ददात नाही. एस्टिमेट नीट वाचलंत तर त्यात सुरक्षा साहित्याचं एक कलम सापडेल. घाबरू नका. मजुरांना रेडियमची जाकिटं घ्यायचीत, एवढंच. किती? फोटोत मावतील तेवढी.

साइटवर नुकताच चिकटलेला एखादा पोरगेला इंजिनिअर शहाणपण शिकवील. म्हणेल, अशा जाकिटांसाठी आयएसओ 20471 नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्याच्या सगळ्यात वरच्या वर्गात भडक कापड किमान 0.80 चौरस मीटर आणि चमकणारी पट्टी 0.20 चौरस मीटर लागते, शिवाय बाह्या नाहीतर विजार तरी हवीच. त्याला विचारा, मे महिन्यात बेचाळीस अंशांत बाह्या? मजुराच्या तब्येतीचा काही विचार? (त्याच तब्येतीसाठी सावलीला मांडव टाकायचा विषय मात्र आपणहून काढू नका.)

खरी बचत पट्टीत आहे. भडक कापड अतिनील किरणं शोषून त्यांचा उजेड करतं, म्हणून ते दिवसा, ढगाळ हवेत, दिवेलागणीला उठून दिसतं. अंधार पडला की सगळी भिस्त पट्टीवर. तिच्यात काचेचे बारीक मणी असतात. हेडलाइटचा उजेड ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं ते परत धाडतात, थेट ड्रायव्हरकडं. पण ही अस्सल पट्टी दिवसा दिसते राखाडी, मरगळलेली. तुम्ही ब्लाउजपीसच्या दुकानातून चंदेरी फीत आणा आणि शिवून घ्या. उन्हात काय झगमगते! साहेबांची पाहणी सकाळी अकराला असते, रात्री अकराला नव्हे.

बायांचं तर काहीच अवघड नाही. साडीवर जाकीट चढवलं की वरून पदर येतो, उन्हासाठी नवऱ्याचा जुना शर्ट येतो, डोक्यावर खडीचं घमेलं येतं. पट्टी आत सुखरूप. शर्ट आत आणि जाकीट सगळ्यात वर, असं सांगत बसलात तर कामाचा खोळंबा.

फोटो झाला की जाकिटं गोळा करून मुकादमाच्या गोणीत. कुणी दिवसभर घातलंच, तर डांबर आणि फुफाटा बसून मणी आंधळे होतात. बरं, धुवावं तर किती धुण्यांपर्यंत ते टिकेल याचा आकडा लेबलवर छापलेला असतो. म्हणजे वापरलं तर मळतं आणि धुतलं तर झिजतं. गोणीच बरी.

आता ताशी 80 किलोमीटरनं येणारी गाडी सेकंदाला 22 मीटर कापते. ड्रायव्हरला माणूस दिसून त्याचा पाय ब्रेकवर जाईस्तोवर ती तेवढी पुढं आलेली असते. पण तो ड्रायव्हरचा प्रश्न. तुम्ही लाल कापडाची चिंधी बांधलेली काठी देऊन एक म्हातारा उभा केलायच की!

आणि झालंच काही, तर पंचनाम्याआधी गोणीतलं एक जाकीट तिथं पोचवा. फक्त घडी मोडून, थोडं मातीत लोळवून न्या. कोऱ्या घडीच्या खुणा पंचांच्या डोळ्यांवर येतात.