भरती तीनची, भटजी नऊचे

आजोबांचं आणि त्यांच्या थोरल्या भावाचं हद्दीच्या गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, भांडण झालं. गडगा दीड वीत सरकला असं एकाचं म्हणणं, सरकलाच नाही असं दुसऱ्याचं. दोघांच्या हयातीत निकाल लागला नाही. शेवटी गिरणीतून मिळालेले पैसे घेऊन आजोबांनी मालवणजवळ, कालावलच्या खाडीतल्या एका जुव्यावर जागा घेतली. चारी बाजूंनी पाणी. गडगा घालायला नको आणि सरकायची भीतीही नको. भांडण टाळण्यासाठी मालवणी माणूस किती खर्च करू शकतो, ते बघायचं असेल तर आमच्या घरी यावं. पाणी असेल तेव्हा.

घर जांभ्या चिऱ्याचं. जांभा खाणीतून काढताना मऊ असतो, वारा लागला की कडक होत जातो. (आजोबांचंही लग्नानंतर तेच झालं, असं आजी म्हणायची.) एकेक चिरा तीस किलोंच्या आसपास. होडीत चिरे भरले की माणसाला जागा नाही, माणूस बसला की चिऱ्यांना नाही. फणसाच्या तुळया तर दोराने बांधून भरतीवर तरंगत आणल्या. वर मंगळुरी कौलं. बासेल मिशनवाल्यांनी १८६५ साली मंगळूरला कौलांचा कारखाना काढला, तेव्हा घराला टेकून माड लावणारी आमची आजी त्यांच्या हिशेबात नसावी. नारळाला डोळे असतात, तो माणसाच्या डोक्यावर पडत नाही म्हणतात. खरं आहे. तो नीट बघून कौलावर पडतो.

पण घराचा खरा मालक म्हणजे भरती. ती रोज पाऊण तासाने पुढे जाते. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो, हे खाडीकाठचं जुनं गणित. अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. त्यानंतर सहा तासांनी सुकती, म्हणजे ओहोटी. त्यामुळे आमच्याकडची पोरं दोनाचा पाढा नंतर शिकतात, पाऊणकी आधी. लग्नाची बोलणी करायला येणाऱ्यांनाही आम्ही मुहूर्ताआधी तिथी विचारतो.

आता गणेश चतुर्थी घ्या. चार पाऊणे तीन. म्हणजे भरती तीनला आणि सुकती नऊला. साल बदलतं, तारीख बदलते, पण चतुर्थी चौथीच राहते. आणि गावातली घरं आटपत भटजी आमच्या समोरच्या काठावर पोचतात तेही बरोब्बर नऊला. मध्ये नुसतं खाजण. इकडे गुडघाभर चिखल, तिकडे सोवळं.

पडवीतून काका ओरडतात, "भटजीनू, पाणी सुकला! बसा थयच!"

तिकडून उत्तर येतं, "गणपती काठार आणा, मी हयसूनच मंत्र म्हणतंय!"

एका वर्षी प्राणप्रतिष्ठा मोबाइलवरून झाली. "आचमन करा" म्हणाले आणि रेंज गेली. पुढची सूचना येईपर्यंत काका आचमन करत राहिले.

चतुर्थी वर्षातून एकदा येते. मे महिना जास्त कठीण, कारण तेव्हा कौलं परतायची असतात. विहिरीचं पाणी मचूळ झालेलं, वाशांना वाळवी, आणि कौलांवर चढणारा गडी जिल्ह्यात बहुधा एकच उरलेला. त्याची हजेरी घरातून निघाल्यापासून सुरू होते. पाण्याची वाट बघत तो काठावर माडाखाली झोपतो, तीही हजेरीत धरतो. वर चढला की खाली बघून विचारतो, "न्याहारी काय?" २०२१च्या मे महिन्यात त्याने आख्खं छप्पर परतून दिलं आणि पाठोपाठ तौक्ते आलं. वादळाने तीच कौलं पुन्हा परतली, मजुरी न घेता.

खर्चाचं बोलू नये. सातबाऱ्यावर नावं वाढत जातात, खोल्या तेवढ्याच. 'जुव्याचं घर' नावाच्या ग्रुपवर वर्गणीचा विषय निघाला की आधी अंगठे येतात, मग गणपतीचे जुने फोटो, मग सगळे शांत. १९९७ साली सिंधुदुर्ग पर्यटन जिल्हा जाहीर झाला तेव्हापासून डोंबिवलीच्या दादाला तिथे पाहुणे उतरवायचे आहेत. खाजणाचा वास तो निसर्ग म्हणून विकणार आहे. आत्याला घर जसंच्या तसं हवंय. ती पुण्यात राहते, त्यामुळे तिला तसं वाटणं सोपं जातं.

यंदा दादाने तोडगा काढला, की कौलं काढून पत्रे घालू. पावसात पत्र्याचा आवाज होतो म्हणून काका विरोधात होते, पण त्यांना हल्ली ऐकायला कमी येतं हे वहिनीने दाखवून दिल्यावर गप्प बसले. गडी म्हणाला, "पत्रे घाला, पण आणतलो कोण?" दादाच गेला. बारा फुटी पत्रे होडीवर आडवे टाकले, वरचा पत्रा बांधायला दोरी पुरली नाही. दुपारचा वारा सुटला, सुकती लागलेली. पत्र्याने वारा धरला आणि होडी जुव्याऐवजी समुद्राच्या दिशेने निघाली. कोळ्यांनी दादाला आणि होडीला अडवून आणलं. वरचा पत्रा गेला तो गेलाच.

तो कोणाच्या वाट्यात धरायचा, यावर ग्रुपवर अजून अंगठेच येतायत.