‘टायमिंग चेन आयुष्यभराची’ हे फोर्ड एफ-१५० घेणाऱ्याला सांगू नका

सध्या टायमिंग चेनबद्दल एक मेसेज जोरात फिरतोय. पिस्टनमुळे फिरणारा क्रॅंक आणि व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट (कॅम) यांचा मेळ राखते ती ही साखळी; काही गाड्यांत तेच काम बेल्ट करतो. त्यातला मजकूर थोडक्यात असा: बेल्टवाली गाडी टाळा, चेनवालीच घ्या; टायमिंग चेन इंजिनाच्या आयुष्यभराची असते. चेक इंजिनचा दिवा लागत नाही तोवर काळजी नको. खडखड आलीच तर जाड ऑइल भरा. अगदीच गेली तर नुसती चेन बदलून घ्या, काम संपलं.

अमेरिकेत सेकंड-हँड पिकअप शोधणाऱ्या आपल्या माणसांपर्यंतही हा सल्ला पोचतो, आणि तिथे तो महागात पडतो. त्या बाजारात २००४ ते २०१० या काळातल्या एफ-१५० भरपूर मिळतात, आणि त्यांतल्या अनेकींत ५.४ लिटरचं थ्री-व्हॉल्व्ह ट्रायटन व्ही-८ इंजिन आहे. मेसेजमधला एकेक दावा या इंजिनावर तपासून बघू.

आधी ‘आयुष्यभराची’. यात खरं एवढंच की बेल्टला ठरावीक मैलांनंतर बदलायची मुदत असते, तशी मुदत कंपनी चेनला देत नाही. पण चेन एकटी चालत नाही. या इंजिनात दोन लांब चेन आहेत, प्रत्येक बाजूच्या हेडसाठी (व्हॉल्व्ह आणि कॅम असलेल्या वरच्या भागासाठी) एक. त्या ताठ ठेवणारे टेन्शनर इंजिन ऑइलच्या प्रेशरवर चालतात आणि चेन ज्यांवरून सरकते त्या गाइडचा पृष्ठभाग प्लॅस्टिकचा आहे. ऑइल वेळेवर बदललं नाही, त्यात घाण साचली, की कड्या जोडणाऱ्या पिना झिजतात. एका कडीत झीज नगण्य, पण सगळ्या कड्यांची मिळून चेन लांबते आणि कॅमशाफ्ट क्रॅंकच्या मागे पडू लागतो. त्यात या इंजिनाच्या मूळ टेन्शनरची बॉडी प्लॅस्टिकची. त्याच्या मागचं सील प्रेशरने बाहेर ढकललं जातं, ऑइल तिथूनच गळतं आणि चेनवरचा ताण जातो. सैल चेन गाइडवर आपटते, गाइडचे तुकडे पडतात, ते खाली चेंबरमध्ये, म्हणजे ऑइल साठतं त्या तळाच्या भांड्यात, जाऊन ऑइल पंपाच्या जाळीत अडकतात. मग प्रेशर आणखी उतरतं आणि टेन्शनर आणखी ढिला होतो. हे चक्र एकदा सुरू झालं की आपोआप थांबत नाही. (पुण्याजवळ रांजणगावला बनलेलं फियाटचं १.३ मल्टिजेट डिझेल इंजिनही चेनचंच. ऑइल बदलायला टाळाटाळ केलेली अशी इंजिनं ज्यांनी खोलली आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको.)

दिव्याचं म्हणाल तर कॉम्प्युटर क्रॅंक आणि कॅमच्या सेन्सरचे सिग्नल जुळवून पाहतो आणि फरक ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला तरच पी००१६ किंवा पी००१८ असा बिघाडाचा कोड टाकतो आणि दिवा लागतो. गाइड त्याच्या कितीतरी आधी फुटलेलं असू शकतं. डॅशबोर्डवरच्या ऑइल प्रेशरच्या काट्यावरही विसंबू नका. तो साध्या स्विचवर चालतो. थोडंफार प्रेशर असलं तरी काटा मधोमध निवांत उभा राहतो. खरं प्रेशर पाहायचं तर मेकॅनिकल गेज लावून, इंजिन पूर्ण गरम झाल्यावर, आयडलिंगला बघायचं.

जाड ऑइलचा सल्ला मला सर्वांत घातक वाटतो. त्यामुळे खडखड कशाची आहे हा प्रश्नच मागे पडतो. या इंजिनात निदान तीन वेगळे आवाज येतात. थंड इंजिन सुरू करताना पुढच्या कव्हरमागून काही सेकंद खळखळ होऊन थांबली, तर टेन्शनरमधलं ऑइल रात्रभरात उतरल्याची शंका घ्यावी. गाडी चांगली तापल्यावर, आयडलिंगला, विशेषतः गिअर ड्राइव्हमध्ये असताना डिझेलसारखी टकटक येते आणि जरा रेस दिल्यावर जाते, तेव्हा संशय कॅम फेजरवर, म्हणजे कॅमच्या टोकाला बसून त्याचं टायमिंग मागेपुढे करणाऱ्या भागावर. आणि थंड असताना टिकटिक करून तापल्यावर विरणारा आवाज बहुतेकदा एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या (धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांच्या) तुटलेल्या स्टडचा, म्हणजे तो इंजिनाला जखडणाऱ्या बोल्टचा असतो. या गाड्यांत ते स्टड सर्रास तुटतात, आणि त्याचा चेनशी काही संबंध नाही. हा शेवटचा आवाज ऐकून अख्खा टायमिंग सेट बदलायला निघालेल्यांची मला खरोखर कणव येते.

आता या तिन्हींवर जाड ऑइल काय करतं? स्टडला त्याने काही फरक पडत नाही. चेन आणि फेजरचा आवाज मात्र दबतो, झीज तशीच चालू राहते. कंपनीने ५डब्ल्यू-२० हे पातळ ऑइल सांगितलंय, कारण फेजर त्याच ऑइलने अरुंद वाटांमधून, सोलेनॉइडच्या (विजेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हच्या) इशाऱ्यावर फिरतात. जाडजूड ऑइल भरलं की थंडीत ते तिथपर्यंत उशिरा पोचतं, म्हणजे सुरुवातीचे जे काही सेकंद चेनसाठी सर्वांत वाईट, तेच लांबतात. जास्त चाललेल्या इंजिनात गरम प्रदेशात थोडं जाड ५डब्ल्यू-३० वापरणारे जाणते मेकॅनिक आहेत, त्यांच्याशी माझं भांडण नाही. पण ते आधी प्रेशर मोजतात, ऑइल फिल्टर कापून आत प्लॅस्टिकचे तुकडे किंवा धातूची चमक आहे का बघतात, टॅपेट कव्हर उघडून गाइड आणि चेनचा ढिलेपणा तपासतात. ऑइलचा विचार त्यानंतर.

राहिली ‘नुसती चेन’. कॅमचं स्प्रॉकेट, म्हणजे चेन बसते ते दातेरी चाक, या इंजिनात फेजरचाच भाग आहे. जुन्या झिजलेल्या दातांवर नवी चेन चढवली की तीही लवकर झिजते. म्हणून चेन, गाइड, टेन्शनर, फेजर, क्रॅंकचं स्प्रॉकेट हे सगळं एकत्र बदलावं. टेन्शनर बीडाच्या बॉडीचे मिळतात, तेच घ्यावेत. सोलेनॉइड आणि ऑइल पंपही त्याच वेळी करून घ्यावेत, कारण पुढचं कव्हर पुन्हा काढण्याची मजुरी पार्टपेक्षा जड जाते. चेंबर उतरवून जाळी साफ केल्याशिवाय काम पुरं झालं असं मी मानत नाही. फोर-व्हील ड्राइव्हमध्ये ते काढणं जिकिरीचं आहे आणि नेमकं तेच टाळलं जातं.

शिवाय हे इंजिन इंटरफिअरन्स प्रकारचं आहे. चेन काढल्यावर कॅम किंवा क्रॅंक भलतीकडे फिरला तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळून वाकतात. म्हणूनच आधी काही रोलर फॉलोअर, म्हणजे कॅमच्या जोराने व्हॉल्व्ह दाबणारे भाग, काढून घ्यावे लागतात. फेजरचा बोल्ट एकदाच वापरायचा. पुढचं कव्हर न काढता फक्त फेजर बदलायचा असेल तर चेन धरून ठेवणारी पाचर लागते, नाहीतर टेन्शनर बाहेर येतो आणि कव्हर काढावंच लागतं. सगळं बसल्यावर टेन्शनर दाबून धरणाऱ्या पिना काढायच्या आणि स्टार्टरला हात लावण्याआधी क्रॅंक हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायचा. अडलं तर तिथेच थांबायचं. दोन फेऱ्यांनंतर चेनच्या रंगीत कड्या खुणांवर परत आल्या नाहीत म्हणून घाबरू नका. त्या पुन्हा जुळायला बरेच फेरे लागतात. बघायच्या त्या फेजर आणि क्रॅंकवरच्या खुणा.

तेव्हा गाडी बघायला जाल तर मालकाला आधीच सांगून ठेवा: आम्ही येईपर्यंत इंजिन सुरू करू नका. थंड स्टार्टचा आवाज स्वतः ऐका, मग वीस-पंचवीस मिनिटं चालवून ड्राइव्हमध्ये ब्रेक धरून पुन्हा ऐका आणि ऑइल बदलल्याच्या पावत्या मागा. आणि स्वतःच्या गाडीत पुढच्या कव्हरमागची खळखळ तापल्यावरही थांबत नसेल, तर ती चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.