झेरॉक्स आणा म्हणे!

"पाणी किती तास घरात होतं?" हा प्रश्न पूर ओसरल्यावर मला चार वेगवेगळ्या सरकारी माणसांनी विचारलाय. आता पाचवा आला तर भिंतीवरची गाळाची रेघ दाखवणार आणि म्हणणार, हिला विचार बाबा, मी दमलो.

आम्ही कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या कुंभार गल्लीतले, गणपतीच्या मूर्ती करणारे. पुराचं आम्हाला नवल नाही. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे इथल्या शेंबड्या पोरालापण पाठ. जयंती नाला फुगला की बायका कुणी न सांगता डबे माळ्यावर चढवायला लागतात. २००५ बघितला, २०१९ बघितला, २०२१ ला तर पाणी ५६ फुटांच्या वर गेलं. नदीवर राग नाही. डोकं फिरतं ते पाणी उतरल्यावर.

२०१९ चा सरकारचा तो आदेश आठवतोय? दहा किलो गहू, दहा किलो तांदूळ फुकट, पण दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असाल तरच. दीड दिवसात पाणी उतरलं तर काय पंचगंगेला हात जोडायचे, बाई, अजून अर्धा दिवस थांब म्हणून?

२०२१ ला पूर जुलैच्या शेवटी आणि चतुर्थी १० सप्टेंबरला. म्हणजे कारखाना मूर्तींनी गच्च भरलेला. वरच्या फळीवरच्या वाचल्या. खाली शाडूच्या होत्या त्यांचा परत चिखल झाला. एका मूर्तीची नुसती सोंड हाताला लागली, ती धरून बायको तिथंच पायरीवर बसली.

एक साहेब येऊन सांगून गेले, पंचनामा होईपर्यंत कशाला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी दुसरे आले, गाळ काढा, फवारणी करायची आहे, रोगराई पसरेल. आम्ही गाळ काढला. वास सोसवत नव्हता हो, काय करणार. मग आठ दिवसांनी पंचनाम्याची वही आली.

"काका, नुकसान कुठाय?"

कुठाय म्हणजे? ट्रॉलीत भरून तुम्हीच नेलंय की मर्दा!

बरं, फोटो आहेत का? मोबाईल पाण्यात गेला. बरं, हे घर की दुकान? खाली काम करतो, वर राहतो, चार पिढ्या हेच चाललंय. तसा रकाना नाही म्हणे. घरात धरलं तर मूर्ती बसत नाहीत, दुकानात धरलं तर शॉप अ‍ॅक्टचा कागद पाहिजे. तो ट्रंकेत होता, ट्रंक उघडली तर आत सगळा लगदा. "मग झेरॉक्स जोडा." अहो, लाईट नाही, अख्ख्या पेठेतली झेरॉक्सची दुकानं पाण्यातनं आत्ता वर आलीत! पूर आमच्याकडं आलावता की नव्हता, हे भिंत सांगते, तुळई सांगते, शेजारी सांगतो. तुम्हाला मात्र ते कागदानंच सांगायला पाहिजे.

शहराच्या नकाशावर निळी रेषा आहे, लाल रेषा आहे. निळी पंचवीस वर्षांतनं एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतनं. आमच्या उंबऱ्याला दोन वर्षांत दोनदा पाणी लागलं. आणि नदीकडं गेलं की डोळ्यांदेखत भरावाचे डंपर ओतताना दिसतात. तिथं कुणी वही घेऊन जात नाही.

पावसाळ्याच्या तोंडाला नोटीस मात्र न चुकता येते. सुरक्षित स्थळी जावे, अन्यथा होणाऱ्या हानीस प्रशासन जबाबदार राहणार नाही. यंदाचीपण आली. पोरगं दारात उभं, "काका, मिळाली म्हणून इथं सही करा."

केली. त्याला कसली झेरॉक्स लागली नाही.